पाहुण्यांचे बँकॉक

मुंबईहून बँकॉकला विमानाने साडेचार तास लागतात. चिपळूणहून मुंबईच्या विमानतळावर पोहोचायला, महामार्गाची मेहरबानी नसेल तर, त्याहून जास्त लागतात. त्यामुळे आम्ही परदेशात राहतो असे आमच्या नातेवाइकांना वाटतच नाही. आखातातल्या भावाकडे जायचे तर मोठी तयारी. आमच्याकडे यायचे तर सुट्टी आणि तिकीट, बस्स. त्यात नोव्हेंबर 2023 पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला. आधी तो 30 दिवसांचा होता, जुलै 2024 पासून 60 दिवसांचा झाला. तेव्हापासून आमच्या घरातली पाहुण्यांची गादी क्वचितच गुंडाळलेली असते.

थाई भाषेत पाहुण्याला 'खॅक' म्हणतात. गंमत अशी की भारतीय, अरब, मलय अशा आपल्यासारख्या माणसांनाही इथे पिढ्यान्‌पिढ्या 'खॅक'च म्हटले जाते. कोण कोणत्या सुरात बोलतो यावर त्या शब्दाचा अर्थ ठरतो. भाजीवाली आपुलकीने म्हणते, एखादा टॅक्सीवाला नाक मुरडून म्हणतो. आम्ही दोघे आठ वर्षे इथे आहोत. भाडे भरतो, कर भरतो, दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवतो, आणि तरीही खॅकच आहोत. तेव्हा आमच्याकडे कोणी येते म्हणजे पाहुण्यांच्या घरी पाहुणे येतात.

आमच्यापैकी एकजण चिपळूणच्या उर्दू शाळेत शिकवत होती, आता इथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत लहान वर्गांना शिकवते. दुसरा सिलोम भागात एका जवाहिऱ्याच्या पेढीवर हिशेब पाहतो. बँकॉक ही रंगीत खड्यांची जगातली मोठी बाजारपेठ आहे. माणिक, नीलम इथे पारखले, तापवले आणि घासले जातात, आणि या धंद्यात सुरत, जयपूर, मुंबईची माणसे पुष्कळ आहेत. आमचे घर जवळच, चारोएन क्रुंग रस्त्याच्या एका गल्लीत चौथ्या मजल्यावर आहे. गल्लीला इथे 'सॉय' म्हणतात. आपले पाहुणे 'सोय' म्हणतात आणि हसतात.

घर आणि त्याचे कायदे

घर म्हणजे एक झोपायची खोली, एक बैठकीची खोली आणि बाल्कनीतला ओटा. इथल्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघर असेच असते, कारण बहुतेक लोक सकाळ-संध्याकाळ गाडीवरचे खातात. आपल्या माणसांना हे पटत नाही. ओट्यापुढे दोन बायका उभ्या राहू शकत नाहीत हे पाहून आमच्या खाला म्हणाल्या, "मग बोलायचं कुठे?"

एका गोष्टीने मात्र गावचे सगळे वडीलधारे खूश होतात. इथे प्रत्येक संडासात पाण्याची नळी असते. युरोपला जाऊन आलेल्या नातेवाइकांनी त्यांना जे घाबरवून ठेवलेले असते, ती भीती पहिल्याच सकाळी जाते.

पाहुणा आला की पहिले काम कागदाचे. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला तर 24 तासांच्या आत इमिग्रेशनला कळवावे लागते, आणि ही जबाबदारी ज्याचे घर त्याची. आमची घरमालकीण तळमजल्यावर राहते. सत्तरीची आहे. सगळी गल्ली तिला 'पा' म्हणते, म्हणजे मोठी मावशी. पाहुण्यांच्या बॅगा उघडण्याआधी पासपोर्टचे फोटो पाकडे जातात, ती चष्मा लावून मोबाइलवर माहिती भरते आणि विचारते, "किती दिवस?" हा प्रश्न आपल्याकडे यजमानाने विचारला तर पिढ्यांचे वैर होईल. इथे सरकारच विचारते, त्यामुळे आम्ही सुटतो.

पाच-सहा गोष्टी आम्ही चहाबरोबर सांगून टाकतो. मुलाच्या डोक्यावर लाडानेसुद्धा हात ठेवू नये, इथे डोके पवित्र मानतात. पाय कोणाच्या किंवा बुद्धमूर्तीच्या दिशेने करून बसू नये. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागते, तेव्हा जागच्या जागी उभे राहावे. राजघराण्याबद्दल गमतीतही काही बोलू नये. कायदा कडक आहे. नोट खाली पडली तर पायाने अडवू नये, तिच्यावर राजाचे चित्र असते. ड्यूरियन हे फळ चाखायचे तर रस्त्यावरच चाखावे. त्याच्या वासामुळे मेट्रोत ते नेता येत नाही, आणि आमच्या घरातही नाही.

पोटाचा प्रश्न

गावाहून येणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो, "खायचं काय?" प्रश्न रास्त आहे. इथे डुकराचे मांस रोजच्या जेवणात आहे आणि त्याची चरबी भाजीच्या फोडणीतही असू शकते. सूप साधे दिसले तरी कशाच्या हाडांचे आहे ते विचारावे लागते. म्हणून आम्ही पाहुण्यांना पहिला थाई शब्द शिकवतो तो 'मू', म्हणजे डुक्कर. 'धन्यवाद' दुसऱ्या दिवशी शिकला तरी चालतो.

पण ज्याला बघायचे त्याला हलाल इथे चहूकडे दिसते. थायलंडच्या मध्यवर्ती इस्लामी परिषदेचा शिक्का बिस्किटापासून नूडल्सच्या पाकिटापर्यंत असतो. चुलालोंगकोर्न विद्यापीठात हलाल पदार्थांच्या तपासणीसाठी स्वतंत्र विज्ञान केंद्र आहे. देश बौद्धांचा, मुसलमान वीस माणसांत एखादा, आणि त्यातले बरेचसे दक्षिणेच्या पट्टानी, याला, नराथिवात, सातून या प्रांतांत. तरीही निर्यातीच्या धंद्यासाठी हा शिक्का इथे फार मनावर घेतला जातो. रस्त्यावरच्या गाडीवर चांद-तारा रंगवलेला दिसला की अब्बांसारखी माणसेही निर्धास्त होतात. पेचबुरी रस्त्याच्या सातव्या सॉयमध्ये दारुल अमान मशिदीच्या आसपास अशा खाण्याची रांगच आहे.

तिथे आम्ही पाहुण्यांना 'खाओ मोक काय' खिलवतो. पिवळा भात, त्यात कोंबडीची तंगडी, वर तळलेला कांदा आणि बाजूला आंबट-गोड हिरवी चटणी. ही आपल्या बिर्याणीचीच थाई चुलत बहीण. 'मस्सामन' नावाच्या रश्शात वेलदोडा, दालचिनी, बटाटा आणि शेंगदाणे असतात, आणि ते नाव 'मुसलमान' या शब्दावरूनच आले असे मानतात. आमचे एक भाऊजी तो रस्सा खाऊन म्हणाले, "चांगलं आहे, पण गोड का केलंय?" हा प्रश्न इथल्या निम्म्या पदार्थांना लागू पडतो.

शाकाहारी पाहुण्यांची परीक्षा वेगळी. जुन्या शाळेतल्या एक मॅडम आणि त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी आठ दिवस आले. घरून मेतकूट, लोणचे आणि प्रवासाचा छोटा कुकर घेऊन आले होते. इथे भाजीतही माशाचे पाणी घालतात हे कळल्यावर दोघे गप्प झाले. मग आम्ही त्यांना 'चे' दाखवले. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असते. तिथे मांस, मासे, अंडे तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. ही चिनी बौद्धांची व्रताची परंपरा. मॅडमनी चार दिवसांत आमच्या भागातल्या सगळ्या पिवळ्या पाट्या शोधून काढल्या. पाहुरात बाजारात, गुरुद्वाऱ्याच्या सोनेरी घुमटाखाली त्यांना पोळी-भाजीही मिळाली. जाताना त्या आमच्या ओट्यावर आपला कुकर ठेवून गेल्या. आजही त्यात फक्त डाळ-भात होतो.

ताक नावाचे गाव

हदीसमध्ये पाहुणचाराची मुदत तीन दिवसांची सांगितली आहे. त्यापुढे जे कराल तो सदका. आमच्या भाच्याने ऑगस्ट 2024 मध्ये फोन केला तेव्हा त्याला तीन दिवसही नको होते. "मामू, एक रात्र राहतो. दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी न्यायला येईल."

थोरल्या आपाचा हा मुलगा. वय 23, कॉम्प्युटरचा डिप्लोमा, दोन वर्षे घरी. मोबाइलवरच्या एका ग्रुपमधून एजंट भेटला होता. काम ऑनलाइन विक्रीचे, पगार महिना लाख रुपये, राहणे-खाणे कंपनीचे. मुलाखत फोनवर झाली होती आणि त्यात फक्त टायपिंगचा वेग पाहिला होता. आपाने बांगड्या गहाण ठेवून एजंटाला 80 हजार दिले होते. विमानतळावर 'फिरायला आलो' असे सांगायचे, परवान्याचे कंपनी नंतर बघेल, असे त्याला पढवलेले होते.

रात्री जेवताना आम्ही विचारले, "गाडी जाणार कुठे?" त्याने हसत मोबाइल पुढे केला. "मामू, गावाचं नाव ताक आहे."

आम्हाला हसू आले नाही. ताक हा म्यानमारच्या सीमेवरचा प्रांत आहे. त्यात माए सोत नावाचे शहर आहे, बँकॉकपासून सुमारे 500 किलोमीटरवर. पलीकडे मोएई नावाची अरुंद नदी, आणि नदीपलीकडे म्यानमारचे म्यावड्डी. त्या बाजूला तारेच्या कुंपणामागे इमारती उभ्या राहिल्या आहेत. नोकरीच्या नावाखाली आणलेल्या मुलांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांना तिथे बसवतात आणि जगभरच्या लोकांना मोबाइलवरून फसवण्याचे काम करायला लावतात. नकार दिला तर मारहाण, सुटायचे तर खंडणी. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आम्ही तो त्याला तिथेच, ताटावर बसल्या-बसल्या वाचायला दिला. त्यात पदाचे नाव लिहिले होते. त्याच्या मोबाइलवरच्या पत्रात अगदी तेच पद होते.

तरी त्याचा विश्वास बसेना. तो म्हणाला, त्याच विमानाने आलेला विदर्भातला एक मुलगा विमानतळावरूनच दुसऱ्या गाडीने पुढे गेला आहे, आणि त्याचा 'सगळं ठीक' असा मेसेजही आला आहे. आम्ही नकाशा उघडला, नदी दाखवली. तो नकाशाकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "पण अम्मीने बांगड्या दिल्यात."

सकाळी गाडी आली. आम्ही दोघेही कामावर गेलो नाही. ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत राहिला, एजंटाचे फोन वाजत राहिले. आधी गोड, मग तिकिटाचे पैसे वसूल करण्याची धमकी. पा दारात खुर्ची टाकून बसली. काय चालले आहे ते तिला पूर्ण समजले नव्हते, पण आम्ही 'नाही' म्हणतो आहोत एवढे समजले होते. अर्ध्या तासाने गाडी गेली. त्या दुसऱ्या मुलाचा नंबर आणि विमानाची माहिती आम्ही दूतावासाला कळवली. त्याचा फोन आठवडाभर लागत होता, उत्तर मात्र येत नव्हते. मग फोनही लागेनासा झाला.

कठीण काम पुढेच होते. आपाला फोन करायचा होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "तुमचं तिकडे झालं. माझ्या पोराचं होऊ नये, असं वाटतं का तुम्हाला?" या वाक्याला उत्तर नसते. ज्याच्या घरात पैसा येत नाही त्याला तुम्ही सीमेचा नकाशा दाखवता, पण त्याला दिसते ते दार. ते दार कोण बंद करतो आहे तेवढेच त्याच्या लक्षात राहते.

भाचा नऊ दिवस राहिला. बैठकीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आम्ही त्याला नदीवरच्या बोटीत बसवले, मॉल दाखवले. तो यायचा, पण बघायचा नाही. दहाव्या दिवशी आम्ही तिकीट काढून त्याला परत पाठवले. आपाचे फोन बंद झाले. त्यानंतरच्या कुठल्याच खुशखबरीला किंवा आजारपणाला तिचा आवाज आला नाही.

अम्मी-अब्बांचे साठ दिवस

जानेवारी 2025 मध्ये अम्मी-अब्बा आले. थंडीचे दिवस, म्हणजे इथल्या मानाने कमी घामाचे. अम्मीच्या पिशवीत आमसुलांचा पुडा होता. "आपाने दिलाय का?" आम्ही विचारले. "दे म्हणाली नाही. पण माझ्या पिशवीत बांधून ठेवला," अम्मी म्हणाली.

अब्बांनी तीस वर्षे एसटीत कंडक्टर म्हणून काढली. त्यांना राजवाडा दाखवला, सोन्याचे कळस दाखवले, त्यांनी मान हलवली. पण बसमध्ये बसवल्यावर ते एकदम ताठ झाले. इथल्या जुन्या बसमध्ये कंडक्टरबाईच्या हातात पत्र्याची लांबट नळी असते. तिच्यात तिकिटे आणि सुटे पैसे ठेवतात आणि प्रवाशाचे लक्ष वेधायला ती खटखट वाजवतात. अब्बांनी तिकिटाच्या पेटीवर पंच वाजवत घाट उतरलेले होते. त्यांनी त्या बाईला सलाम केला. तिने हात जोडले. दोघांत एकही शब्द समान नव्हता.

त्याहून आवडला सेन सेप कालवा. शहराच्या पोटातून जाणाऱ्या या कालव्यावर रोज नोकरदार माणसे बोटीने ये-जा करतात. पुलाखालून जाताना छत खाली येते, म्हणून बोटीचे कंडक्टर डोक्यावर हेल्मेट घालतात आणि बाहेरच्या काठावरून चालत तिकिटे फाडतात. काळे पाणी अंगावर उडू नये म्हणून प्रवासी दोरी ओढून ताडपत्री वर करतात. अब्बा रोज एक फेरी मारू लागले.

त्या फेरीत त्यांना बान क्रुआ सापडले. ही चाम मुसलमानांची वस्ती. कंबोडिया-व्हिएतनामकडच्या चंपा राज्याचे हे वंशज दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इथे वसले. ते रेशीम विणायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन या अमेरिकन माणसाने थाई रेशीम जगात नेले, ते याच वस्तीतल्या मागांवर विणलेले होते. पुढे एक्सप्रेसवेच्या जोडरस्त्यासाठी वस्ती उठवण्याचा बेत झाला, तेव्हा या लोकांनी वर्षानुवर्षे लढून तो थांबवला. अब्बा तिथल्या मशिदीत जुहर पढायचे आणि म्हाताऱ्यांबरोबर बसायचे. काय बोलत होतात विचारले तर म्हणायचे, "गुडघ्यांबद्दल."

जुम्याला आम्ही हारून मशिदीत जायचो. नदीकाठच्या जुन्या कस्टम हाऊसच्या मागे, अरुंद गल्लीत ही मशीद आहे. जवाहिरातीच्या धंद्यातले भारतीय, म्यानमारचे, आफ्रिकेचे व्यापारी तिथे एका सफेत दिसतात. मुसलमान या शहरात काल आलेले नाहीत, हे अब्बांना इथे पटले. थोनबुरीच्या बाजूला टोन सोन ही बँकॉकमधली सर्वांत जुनी मशीद आहे. तिथेच नदीकाठी सुरतेच्या बोहरा व्यापाऱ्यांनी बांधलेली सैफी मशीद आहे. सतराव्या शतकात अयुथ्या राजधानी असताना इराणातून आलेले शेख अहमद कुमी राजाच्या दरबारी मोठ्या पदावर चढले आणि या देशाचे पहिले शेखुल इस्लाम मानले गेले. त्यांच्या वंशातले बुन्नाग घराणे पुढे बौद्ध झाले आणि देशाचे मंत्री देत राहिले. खॅक म्हणून आलेला माणूस किती पिढ्यांनी घरचा होतो, याचा हिशेब त्या घराण्याकडे असेल.

अम्मीचे बँकॉक वेगळे होते. ते बाजार आणि पा यांच्यामधले. पहिल्या दिवशी दाराजवळ भूतघर, त्यापुढे लाल सरबताची बाटली आणि स्ट्रॉ पाहून ती दचकली होती. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून मासळीबाजारात गेल्या. इथे बांगड्याच्या जातीचा 'पला थू' नावाचा मासा मान वाकवून छोट्या बांबूच्या टोपलीत उकडलेला मिळतो. अम्मीने टोपली हातात घेतली, मासा उलटा केला, गलफडा बघितला आणि मान हलवली. माशाची पारख दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच होते. पाने 'खनोम क्रोक' विकत घेतले. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध, खळग्यांचा तवा. "अगं, हे आपलेच आप्पे," अम्मी म्हणाली.

एक दिवस पा नवा कोरा तवा घेऊन वर आली, लेबल तसेच चिकटवलेले. तिने खुणेने सांगितले: यात मू कधी शिजलेले नाही, शिजणार नाही, हा फक्त तुझ्यासाठी. अम्मीने त्याच तव्यावर तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आमसुलाचे सार केले आणि वाटी खाली पाठवली. पाने सारात साखर घातली.

मार्चच्या सुरुवातीला रमजान सुरू झाला. 10 आणि 11 तारखेला भारतीय वायुदलाची विमाने माए सोतला उतरली आणि म्यानमारच्या त्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना घेऊन गेली. इफ्तारच्या वेळी आम्ही मोबाइलवर ती दृश्ये बघितली. रांगेत उभी मुले, खांद्याला एकेक पिशवी. आम्ही विदर्भातल्या त्या मुलाचा चेहरा शोधत होतो, पण त्याला आम्ही कधी पाहिलेच नव्हते. अम्मीने खजूर हातात धरून ठेवला होता. तिने रात्री आपाला फोन लावला. आम्ही ऐकत होतो. तिने भाच्याचा विषय काढला नाही, आपानेही काढला नाही. बातमी बघितलीस का, एवढे विचारले. पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग आपाने विचारले, "आमसुलं पुरली का?"

साठ दिवस संपत आले तसे अम्मी-अब्बा परत गेले. ईद गावी करायची होती. आठवड्याभरातच, 28 मार्चला, जुम्याच्या दुपारी म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला आणि बँकॉकही हलले. आमच्यापैकी एक मशिदीतून बाहेर आला, दुसरी शाळेच्या मैदानात मुलांच्या रांगा लावत होती. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या तलावांतले पाणी रस्त्यावर कोसळत होते, चातुचकजवळ बांधकाम चालू असलेली एक सरकारी इमारत पूर्ण कोसळली, गाड्या बंद पडल्या. लाखो माणसे चालत घरी निघाली, आम्हीही. त्या दुपारी गावाकडून पहिला फोन आला तो आपाचा. सात महिन्यांनी. "कुठे आहात? दोघं एकत्र आहात का?" एवढेच विचारले, आणि मग रडू लागली.

येणाऱ्यांसाठी

वाचक बंधू-भगिनींनो, आता ओळखीचे कोणी इकडे येणार असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मे 2025 पासून प्रत्येकाला इथे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन पत्रक भरावे लागते. ते फुकट असते. पैसे मागणारे संकेतस्थळ खोटे समजावे. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. रोजची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणावीत. ई-सिगारेट मुळीच आणू नये, इथे तिला बंदी आहे.

आणि नोकरीसाठी येणार असेल तर जास्त काळजी घ्यावी. फिरायला आलो सांगून इथे काम करता येत नाही. त्यासाठी कामाचा व्हिसा आधी आणि कामाचा परवाना लागतो. नोंदणी असलेले एजंट कोणते, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. जो एजंट विमानतळावर खोटे बोलायला सांगतो, तो पुढे खरे बोलेल अशी आशा धरू नये. कामाच्या गावाचे नाव विचारावे, आणि नाव कितीही ओळखीचे वाटले तरी नकाशावर बघावे.

आमचा भाचा आता खेडच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. पगार लाखाच्या आसपासही नाही. गहाण बांगड्यांपैकी दोन सुटल्या आहेत, दोन अजून आहेत. एजंटाचा फोन बंद आहे.

डिसेंबरमध्ये आपा येणार आहे, पहिल्यांदाच. तिकीट भाच्याने आपल्या पगारातून काढले आहे. किती दिवस राहणार, ते पाने विचारायच्या आत आम्ही सांगून ठेवले आहे: तिला हवे तितके. त्या ऑगस्टबद्दल बोलायचे की नाही, ते आम्ही तिच्यावर सोडले आहे. गादी उन्हात घातली आहे, आणि अम्मीचा तवा पाकडून वर आणला आहे.